डॉ. बार्नार्डो आणि पोरक्या मुलांचे घर

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार उभा राहतो. कोणाचा भाऊ वारतो व त्याची लेकरे चुलत्याच्या पदरी येतात. एखादी विधवा मोलमजुरीसाठी शहराची वाट धरते व तिचे मूल आजीजवळ राहते. एखाद्या प्रचारकाकडे पोरका मुलगा आणला जातो, आणि त्यास बोर्डिंगात घालावे, की मंडळीतील कोणा कुटुंबात ठेवावे, ह्याचा निर्णय त्याला करावा लागतो. अशा वेळी मुलाला छप्पर, भाकरी व अंगभर वस्त्र मिळाले म्हणजे आपले कर्तव्य पार पडले, असे पुष्कळ सज्जनांस वाटते. परंतु एवढ्याने मूल सुरक्षित होत नाही. घराची रचना कशी आहे, त्यात किती मुलांमागे कोण जबाबदार आहे, आणि त्या घरावर बाहेरच्या कोणाची नजर आहे की नाही, ह्यावर मुलाचे बरेवाईट अवलंबून असते. हे सत्य ज्यांच्या चरित्रात चांगल्या व वाईट अशा दोन्ही बाजूंनी दिसून येते, त्या डॉ. टॉमस जॉन बार्नार्डो यांची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

बार्नार्डो यांचा जन्म ४ जुलै १८४५ रोजी आयर्लंडातील डब्लिन शहरी झाला. त्यांचे वडील मूळचे हँबर्गचे असून केसाळ कातड्यांच्या वस्त्रांचा व्यापार करीत. लहानपणी मुलगा हट्टी व अभ्यासात सामान्यच होता. १८६२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याच्या मनात ख्रिस्तावरील विश्वास दृढ झाला, आणि तो डब्लिनच्या गरीब वस्त्यांत जाऊन मुलांस शिकवू लागला. पुढे चीन देशात मिशनरी म्हणून जावे ह्या हेतूने, वैद्यकी शिकण्यासाठी तो १८६६ साली लंडनास आला.

त्याच वर्षी लंडनच्या पूर्व भागात पटकीची साथ आली व हजारो माणसे मेली. मजुरांच्या त्या दाट वस्तीत एकेका खोलीत एकेक कुटुंब राही. बाप गेला की भाडे थकले, भाडे थकले की खोली गेली, आणि खोली गेली की मुले रस्त्यावर आली. तरुण बार्नार्डो दिवसा इस्पितळात शिके व संध्याकाळी अशा मुलांसाठी एक धर्मार्थ शाळा चालवी. फाटक्या वस्त्रांच्या मुलांसही तेथे मज्जाव नव्हता.

एके थंडीच्या रात्री शाळा सुटल्यावर जिम जार्व्हिस नावाचा सुमारे दहा वर्षांचा एक मुलगा शेगडीजवळून हलेना. आपल्याला घर नाही, आईबाप नाहीत, आणि आपल्यासारखी आणखी पुष्कळ आहेत, असे त्याने सांगितले. शिक्षकास ते खरे वाटेना. तेव्हा मध्यरात्रीनंतर जिमने त्यांना बाजाराच्या बाजूला नेऊन एका छपरावर चढविले. तेथे अकरा मुले एकमेकांस बिलगून उघड्या थंडीत झोपली होती. ही गोष्ट बार्नार्डो पुढे जन्मभर सभांतून सांगत. हळूहळू चीनला जाण्याचा विचार मागे पडला, आणि १८७० साली स्टेपनी भागात त्यांनी मुलग्यांसाठी पहिले वसतिगृह उघडले.

आरंभी जागा व पैसा पाहूनच मुले घ्यावयाची असा त्यांचा नेम होता. एके रात्री अकरा वर्षांच्या जॉन सॉमर्स नावाच्या मुलाने आत घेण्याची विनवणी केली. केस तांबडे असल्यामुळे त्याला सगळे गाजर म्हणत. वसतिगृह भरलेले होते, म्हणून काही दिवसांनी जागा देऊ असे सांगून त्याला परत पाठविले. थोड्याच दिवसांत तो साखरेच्या एका रिकाम्या पिंपात मेलेला सापडला. उपासमार व थंडी ह्यांनी त्याचा जीव घेतला होता. त्यानंतर बार्नार्डो यांनी कोणत्याही निराधार मुलास परत पाठविले जाणार नाही अशी पाटी दारावर लाविली, व हा नेम पुढे कधी मोडला नाही. उघड्यावरच्या मुलास छप्पर मिळाले पाहिजे, हा त्यांचा पहिला धडा एका मुलाच्या मरणाने शिकविला.

दुसरा धडा त्यांस मुलींच्या आश्रमाने शिकविला. १८७३ साली त्यांचा विवाह सायरी एल्म्सली ह्या बाईंशी झाला. एका मित्राने लग्नाची भेट म्हणून लंडनबाहेर बार्किंगसाइड येथील मॉसफर्ड लॉज नावाचे घर त्यांस वापरावयास दिले. त्या घराशेजारचा गाडीखाना दुरुस्त करून तेथे सुमारे साठ मुलींची सोय केली. जागा स्वच्छ, हवा गावची, जेवण पोटभर, प्रार्थना नित्य. वरवर पाहता काही उणे नव्हते. परंतु थोड्याच काळात बार्नार्डो यांच्या कानी मुलींचे आपापसांतील बोलणे पडले, आणि ते हादरून गेले. रस्त्यावर जे वाईट त्या शिकल्या होत्या, तेच मोठ्या मुली लहानांस शिकवीत होत्या. देखरेख करणाऱ्या बायांस त्याची गंधवार्ता नव्हती.

हे असे का घडले? साठ मुली एका दालनात झोपतात, एका घंटेने उठतात, एका रांगेत जेवतात. त्यांच्यामागे मोठी माणसे दोनचारच. अशा ठिकाणी शिस्त दिसते, पण एखादी मुलगी आज जेवली नाही, एखादी रात्री रडली, एखादीला दुसरीने धमकावले, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. सर्वांवर लक्ष ठेवणाऱ्याचे एकीवरही लक्ष राहत नाही. दिवे मालवल्यावर त्या दालनात जिच्या अंगी बळ अधिक तिचेच राज्य चालते. मुलीला तक्रार करावयाची तर कोणाजवळ करावी? तिचे म्हणावे असे एकही माणूस तेथे नसते.

बार्नार्डो यांनी आपली चूक झाकली नाही. मोठी इमारत आणखी मोठी करावी व पहारा वाढवावा, हा सोपा मार्ग त्यांनी सोडला. त्यांनी ठरविले की मुलींसाठी लहान लहान घरांचे एक गाव वसवावे. एका दांपत्याने आपल्या वारलेल्या कन्येच्या स्मरणार्थ पहिले घर बांधून दिले, इतर दानशूर पुढे आले, आणि १८७६ साली हिरवळीभोवती बाराचौदा घरांचे ते गाव उघडण्यात आले. प्रत्येक घरात पंधरावीस मुली राहत, तान्ह्या लेकरांपासून वयात आलेल्या मुलींपर्यंत. प्रत्येक घराला स्वतंत्र स्वयंपाकघर, बसावयाची खोली व निजावयाच्या निराळ्या खोल्या होत्या, आणि एक बाई घरची आई म्हणून तेथेच राही. त्यांच्या मृत्यूच्या सुमारास त्या गावात साठांवर घरे झाली होती व हजारांहून अधिक मुली राहत होत्या.

गाडीखान्यातले अन्न, वस्त्र व प्रार्थना ह्यांत उणे नव्हते. बदलली ती रचना. एका ताटाभोवती बसणाऱ्या मुली आईच्या नजरेत राहतात. वयाने लहानमोठ्या मुली एकत्र राहिल्या म्हणजे, आपल्या घरांत थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेते तसे, मोठीला धाकटीचा भार घ्यावा लागतो. जी शक्ती गाडीखान्यात धाकदपटशा होत होती, तीच घरात सांभाळ करू लागते. हा विचार एकट्या बार्नार्डो यांचा नव्हता. जर्मनीत हँबर्गजवळ योहान विखर्न यांनी १८३३ सालीच पोरक्या मुलांस लहान कुटुंबांत विभागून ठेवण्याचा प्रयोग आरंभिला होता. परंतु इंग्लंडात हा विचार एवढ्या मोठ्या प्रमाणावर लोकांच्या डोळ्यांपुढे आणण्याचे श्रेय बहुतांशी बार्नार्डो यांचे आहे.

तरी हे गाव निर्दोष होते असे आम्ही म्हणणार नाही. घरात आई होती, बाप नव्हता. मुली शेजारपाजार, बाजारहाट, नातीगोती ह्यांपासून तुटल्या. बहुतेकींस मोठेपणी परक्यांच्या घरी मोलकरीण म्हणूनच जावे लागे. घरची आई प्रेमळ असली तर मुलीचे भाग्य, कठोर असली तर मुलीचे दुर्दैव. मुलग्यांच्या वाट्याला तर त्यांच्या हयातीत मोठमोठी वसतिगृहेच अधिक आली.

तिसरा टप्पा १८८६ च्या सुमारास सुरू झाला. लहान मुलांस आश्रमात न ठेवता खेड्यांतील सचोटीच्या कष्टकरी कुटुंबांत ठेवावे व त्या कुटुंबास दर आठवड्याला पाच शिलिंग खर्च द्यावा, अशी योजना बार्नार्डो यांनी हाती घेतली. ह्यात एक धोका उघड होता. पैशाच्या लोभाने मूल घ्यावे, त्याला अर्धपोटी ठेवावे व काम करून घ्यावे, असे करणारी माणसे त्या देशात थोडी नव्हती. म्हणून कुटुंबाची आधी चौकशी होई, अटी लिहून घेतल्या जात, गावातील पाळक अथवा दुसरे प्रतिष्ठित गृहस्थ लक्ष ठेवीत, आणि आश्रमाकडून तपासणीस येणारी डॉक्टरीणबाई मुलाची प्रकृती, अंथरूण व कपडे स्वतः पाहत असे. घर लहान व माणसे मायेची असली तरी बाहेरची नजर हवीच, ही गोष्ट बार्नार्डो यांस ह्या ठिकाणी पुरती उमजली होती.

ह्याच सुमारास त्यांनी आणखी एक चांगले काम केले. अविवाहित मातांस त्या काळी समाज झिडकारीत असे. नोकरी करावी तर मूल जवळ ठेवता येत नसे, मूल ठेवावे तर नोकरी मिळत नसे. अशा आईला नोकरी लावून द्यावयाची, तिचे मूल जवळपासच्या एखाद्या भल्या बाईकडे ठेवावयाचे, खर्चाचा काही भाग आईने व काही आश्रमाने द्यावयाचा, आणि आईने मुलाला भेटत राहावयाचे, अशी व्यवस्था त्यांनी सुरू केली. आईमुलाचा संबंध तुटू न देता मुलाचे रक्षण करण्याचा हा मार्ग होता. आमच्या मते त्यांच्या साऱ्या कार्यात ह्याहून शहाणपणाचे काम दुसरे नाही.

आता ज्या बाजूने त्यांचे पाऊल चुकले ती बाजू सांगितली पाहिजे. चरित्रे लिहिताना मोठ्यांच्या चुका झाकण्याची रीत पडली आहे, परंतु ज्या चुकीची किंमत लेकरांनी भरली ती झाकणे योग्य नव्हे. १८७७ साली त्यांच्या संस्थेची लवादापुढे चौकशी झाली. बहुतेक आरोपांतून ते सुटले, पण मुले आश्रमात येण्यापूर्वीची म्हणून जी छायाचित्रे ते प्रसिद्ध करीत, त्यांत मुलांस मुद्दाम अधिक दरिद्री भासविले जाई, ह्याबद्दल त्यांस दोष देण्यात आला. पुढे काही गरीब आया आपली मुले परत मागण्यासाठी कोर्टात गेल्या. आईबाप वाईट वळणाचे आहेत असे वाटले की मुलाला त्यांच्यापासून दूर करणे हेच त्याचे हित, अशी बार्नार्डो यांची ठाम समजूत होती. दारिद्र्य व दुराचार ह्यांतील भेद कधीकधी त्यांच्या लक्षातून सुटे.

ह्या समजुतीतूनच मुलांस कॅनडास पाठविण्याचे काम वाढले. १८८२ साली मुलग्यांची पहिली टोळी जहाजाने निघाली. दुसऱ्या काही संस्थाही हे काम करीत होत्या. १८६९ पासून पुढील साठसत्तर वर्षांत एकंदर लाखभर इंग्रज मुले कॅनडास गेली, आणि त्यांतील सुमारे तीस हजार बार्नार्डो यांच्या आश्रमांतील होती. ही मुले शेतकऱ्यांच्या घरी ठेवीत. घर लहानच, हवा मोकळी, अन्नधान्य मुबलक. गाडीखान्याच्या मानाने हे उत्तमच नव्हे काय, असे कोणी विचारील. पण ती घरे शेकडो मैलांवर विखुरलेली, तपासनीस थोडे, हिवाळा कडक, आणि मुलाची भाषा बोलण्याची ढब शेजाऱ्यांस अनोळखी. पुष्कळ मुलांचे आई अथवा बाप जिवंत असता ती कायमची दुरावली. काहींस प्रेमळ घरे मिळाली व ती सुखी झाली, हेही खरे. पण काहींस केवळ राबावयाचा गडी म्हणून वागविले गेले.

१८९५ साली जॉर्ज ग्रीन नावाचा बार्नार्डो यांच्या आश्रमातील मुलगा ओंटारिओ प्रांतातील एका शेतावर ठेवला होता. काही महिन्यांतच, नोव्हेंबरात, तो मरण पावला. त्याच्या देहावर उपासमारीच्या व मारहाणीच्या खुणा आढळल्या. मालकिणीवर खटला झाला, पण ज्यूरीचे एकमत झाले नाही. वाचकहो, जॉन सॉमर्स घर नसल्यामुळे मेला, आणि जॉर्ज ग्रीन घरात असून मेला. ह्या दोन मुलांच्या मध्ये ह्या चरित्राचा सारा बोध साठविलेला आहे.

बार्नार्डो स्वतः सात अपत्यांचे पिता होते. त्यांतील तीन लहानपणीच वारली. १८९० साली जन्मलेली त्यांची मुलगी मार्जोरी जन्मतःच मंदबुद्धी होती. तिच्यावर त्यांचा फार जीव होता, आणि अपंग व मंदगती मुलांची सोय करण्याकडे त्यांचे लक्ष त्यामुळे अधिक वळले असे म्हणतात. अतिश्रमाने त्यांचे हृदय दुर्बल झाले, आणि १९ सप्टेंबर १९०५ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांच्या संस्थेच्या आश्रयाखाली आठ हजारांवर मुले होती. त्यांच्या अस्थी बार्किंगसाइडच्या मुलींच्या गावातच ठेवल्या आहेत.

त्यांच्यामागे संस्थेनेही पुष्कळ शिकून घेतले. मोठी वसतिगृहे हळूहळू बंद झाली, आणि मुलांस कुटुंबांत ठेवणे व संकटात सापडलेल्या आईबापांस त्यांच्याच घरी साहाय्य करणे, ह्यांवर भर आला. परदेशी पाठविलेल्या मुलांवर झालेल्या अन्यायाबद्दल ब्रिटिश सरकारने २०१० साली जाहीर क्षमा मागितली. आपल्या देशातील २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही हेच तत्त्व मान्य केले आहे की मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय समजावा.

आता ह्यावरून आपण काय शिकावे? आमच्या काही बांधवांस वाटते की घरात माणसे पुष्कळ असली म्हणजे मूल आपोआप सांभाळले जाते. दुसरे म्हणतात, नात्याचे घर असले म्हणजे विचारावयास नको. तिसऱ्यांस वाटते, मिशनच्या वा सरकारच्या बोर्डिंगात घातले म्हणजे काळजी मिटली. बार्नार्डो यांचे चरित्र तिघांसही सावध करते. पंधरा माणसांच्या वाड्यातही जे मूल कोणा एकाचे नसते, ते गाडीखान्यातल्या साठांपैकी एकच होय. उलट एकटी विधवा एका खोलीत आपल्या लेकरास जे रक्षण देते, ते कित्येकदा मोठ्या संस्थेस देता येत नाही. म्हणून अशा आईचे मूल हलविण्यापूर्वी, थोडे धान्य, शाळेची फी व शेजारणीची मदत एवढ्याने ते घर उभे राहील काय, हे मंडळीने आधी पाहावे.

आणि जे मूल दुसऱ्याच्या घरी ठेवलेच पाहिजे, त्याच्यामागे एक नेमके माणूस असावे. चुलत्याच्या घरी असो, बोर्डिंगात असो, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे आजीजवळ असो, ह्या मुलाची विचारपूस करणारा अमुक आहे, असे मंडळीच्या पंचांनी ठरवून टाकावे. प्रचारकाने अशा घरी सांगून जाऊ नये. जेवणाच्या वेळी सहज जावे. यजमानाच्या लेकरांच्या पानात काय आहे व ह्याच्या पानात काय आहे हे पाहावे, तो निजतो कोठे व कोणाजवळ हे पाहावे, शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव आहे काय हे मास्तरांस विचारावे, आणि त्याला बाजूला घेऊन त्याच्याशी बोलावे. मूल बोलले तर त्याचे खरे मानून ऐकावे. मारहाण अथवा त्याहून वाईट काही असल्याचे दिसले, तर घराण्याच्या किंवा मंडळीच्या अब्रूच्या नावाखाली ते दाबू नये. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीस कळवावे, अथवा १०९८ ह्या क्रमांकावर फोन करावा. त्याला पैसा पडत नाही.

ज्या परमेश्वराला शास्त्र पोरक्यांचा पिता म्हणते, त्याने आपल्या हाती एखादे लेकरू सोपविले, तर त्याला दार उघडणे हे आपले पहिले काम आहे. ते काम बार्नार्डो यांनी उत्तम केले. आत घेतल्यावर दररोज त्याच्याकडे पाहणे हे दुसरे काम. जेथे त्यांनी ते केले तेथे मुले वाढली, आणि जेथे दूरच्या मुलखावर भरवसा ठेवून ते सोडले तेथे मुले दुखावली. ह्या रविवारी आपल्या मंडळीत असे कोणते मूल आहे ज्याच्याकडे पाहणारे कोणी नाही, हे प्रत्येक प्रचारकाने मोजून पाहावे, आणि सोमवारी त्याच्या घरी जावे.